निवृत्तीनंतर वस्ती कोठे करावी?

सरकारी नोकराला घराचा नव्याने विचार करावयास लावणारे प्रसंग दोन. एक बदलीचा हुकूम, दुसरा सेवानिवृत्ती. बदली झाली तर दुसऱ्या गावी क्वार्टर मिळण्याची आशा असते; निवृत्तीनंतर तीही उरत नाही. ठराविक मुदतीत किल्ली परत करावी लागते आणि ज्या अंगणात मुले लहानाची मोठी झाली ते अंगण दुसऱ्याचे होते. शिवाजी नगरातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न नवीन नाही. तो आधीच्या पिढ्यांनी सोडविला, आजची पिढी सोडवीत आहे. पुष्कळांची पावले आता उपनगराकडे वळतात, म्हणून त्या वस्तीचे लाभ व तोटे येथे नीट मांडून पाहू.

प्रथम आपण काय सोडून जातो ते पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरले. त्यापूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कर्मचारी दप्तराबरोबर भोपाळास आले. नव्या राजधानीसाठी ज्या वसाहती वसल्या त्यांत तात्या टोपे नगर, तुलसी नगर व शिवाजी नगर ही नावे आपल्या परिचयाची. येथील घरे मोठी नाहीत. परंतु पुढे-मागे अंगण आहे, रस्त्यावर झाडांची सावली आहे, पाच नंबर व सहा नंबरचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. लोक ज्याला आजही ‘१२५० चे इस्पितळ’ म्हणतात ते जयप्रकाश जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. मंगळागौरीला बायका जमवावयाच्या तर चार घरी निरोप पाठविला की पुरे. म्हातारपणी जे जे लागते ते ते कोणी मुद्दाम न योजताही येथे एकत्र आले आहे.

या वस्तीचे मोल लोकांना किती वाटते ते दोन वेळा दिसून आले. २०१६ साली ‘स्मार्ट सिटी’ योजनेसाठी प्रथम शिवाजी नगर व तुलसी नगर यांचीच निवड झाली होती. रहिवाशांनी व वृक्षप्रेमी नागरिकांनी विरोध केल्यावर ती योजना तात्या टोपे नगराच्या भागात नेण्यात आली. पुढे २०२४ च्या जून महिन्यात मंत्री व आमदारांच्या निवासांसाठी याच भागात बांधकामाची योजना पुढे आली. सुमारे २९,००० झाडे तुटणार हे कळताच लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि सरकारने तो प्रस्ताव सोडून दिला. यावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सावली ही चैन नसून सोय आहे, ही एक. ज्याला आपण कायमचे समजतो तेही सरकारी कागदावर बदलू शकते, ही दुसरी.

उपनगराचे लाभ

कोलार रोड, कटारा हिल्स, बावडिया कलाँ, सलैया, नर्मदापुरम रस्ता, अयोध्या बायपास या बाजूंना जी नवी वस्ती झाली तिचा पहिला गुण म्हणजे घर आपल्या मालकीचे होते. ज्याने सारी नोकरी ‘अलॉटमेंट’वर काढली त्यालाच या समाधानाची किंमत कळेल. दुसरा गुण असा की, जेवढ्या रकमेत अरेरा कॉलनीत लहानसा फ्लॅट मिळणेही कठीण, तेवढ्यात शहराबाहेर दोन-तीन खोल्या, थोडी बाग आणि गाडी उभी करण्यास जागा मिळते. तिसरा गुण हवेचा व शांततेचा. पहाटे फिरावयास मोकळी जागा असते. फाटक, पहारेकरी, देऊळ व बगीचा असलेल्या वसाहतींत समवयस्कांची सोबतही जुळते. दवाखाना दूर पडतो हा आक्षेपही सर्वत्र खरा नाही. साकेत नगरातील एम्समध्ये २०१२ साली वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, त्यानंतर दक्षिणेकडील वसाहतींना मोठे रुग्णालय जवळच झाले आहे.

उपनगराचे तोटे

हे तोटे पहिल्या दिवशी दिसत नाहीत. मध्य प्रदेश शासनात निवृत्तीचे वय २०१८ पासून ६२ आहे. बासष्टाव्या वर्षी माणूस स्कूटर चालवितो, भाजी आणतो, बँकेत जातो. आठ-दहा किलोमीटर त्याला जाणवत नाहीत. परंतु घर घेतले जाते ते वीस-पंचवीस वर्षांसाठी. दृष्टी मंदावते, गुडघे दुखू लागतात, आणि एके दिवशी मुले म्हणतात, “बाबा, आता गाडी पुरे.” त्या दिवसापासून तीच वसाहत निराळी भासू लागते. दूध-भाजी दाराशी येते हे खरे, पण दाढीला न्हावी, चष्म्याला दुकान, पेन्शनीच्या कामाला बँक आणि गप्पांना जुना मित्र या सर्वांसाठी कोणाची तरी मिनतवारी करावी लागते.

झाडांचेही तसेच. नव्या वसाहतीत लावलेल्या कडुनिंबाची दाट सावली पडावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. बासष्टाव्या वर्षी राहावयास गेलेल्याला ती ऐंशीच्या सुमारास मिळणार. भोपाळच्या मे महिन्यात उघड्या रस्त्यावर वृद्ध माणसाने सकाळी नऊनंतर निघणे कठीण होते.

पाण्याचा विचार वेगळा करावा. शहराला पाणी मिळते ते मोठा तलाव, कोलार धरण व नर्मदा यांतून; परंतु प्रत्येक नव्या वसाहतीत महापालिकेचा नळ पोचलेला असतोच असे नाही. जेथे कूपनलिका व टँकर यांवर भिस्त आहे, तेथे उन्हाळ्यात टँकरच्या वेळेला कोणीतरी जागे व धडधाकट असावे लागते.

आजारपणाचे तर विचारूच नये. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. ही मोठी सोय आहे. पण कार्डाने खाट मिळते. मध्यरात्री दार ठोठावले असता उठून बरोबर येणारा माणूस कार्डाने मिळत नाही.

इतर मार्ग

कोणी नागपुरास परततात. तेथे भाषा आपली, आप्तही असतात. मात्र चाळीस वर्षांनी परतणाऱ्याला मोहल्ला ओळखत नाही. कोणी मुलांकडे पुण्या-मुंबईस जातात. तेथे सूनबाई व मुलगा दोघेही नोकरीवर गेले की बंद दाराआड दिवस काढावा लागतो. खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीही आता आहेत. पुण्याची ‘अथश्री’ व नेरळची ‘डिग्निटी लाइफस्टाइल’ ही त्यांतील परिचित नावे. तेथे जेवण, वैद्यकीय मदत व सोबत यांची सोय असते. परंतु दरमहाचा आकार निवृत्तिवेतनास झेपेल काय, आणि नातवंडांचा वावर नसलेल्या जागी आपले मन रमेल काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निवड करताना

(१) घर सुट्टीच्या दिवशी पाहू नये. मे महिन्यात एकदा व भर पावसात एकदा पाहावे, आणि त्या दिवशी गाडी न घेता जावे.

(२) दुकान, औषधे, बँक व बस पायी किती दूर आहेत ते काठी घेऊन चालणाऱ्याच्या चालीने मोजावे. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर ती चालते का, हे विचारावे.

(३) नवे बांधकाम ‘रेरा’कडे नोंदलेले आहे का ते पाहावे, तो कायदा २०१६ चा आहे. वसाहत वैध आहे काय व ती महापालिकेकडे सोपविली गेली आहे काय, ही चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी.

(४) ग्रॅच्युइटी व फंडाची सारी पुंजी भिंतींत घालू नये. १ जानेवारी २००५ पासून राज्याच्या सेवेत लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही. त्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

(५) घर मुलांच्या नावे करण्याची घाई नको. करावयाचेच तर सांभाळाची अट दस्तात लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, अशी अट असून ती मोडली गेल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

(६) जावयाचे तर एकट्याने जाऊ नये. ओळखीच्या तीन-चार कुटुंबांनी एकाच वसाहतीत घरे घेतली तर शेजार बरोबर घेऊन जाता येतो.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. घर पाहावयास पती-पत्नी दोघे जातात. पण त्या घरात शेवटची वर्षे बहुधा एकालाच काढावयाची असतात. स्त्रियांचे आयुर्मान सरासरीने अधिक आणि लग्नात वयाचे अंतर, यामुळे मागे राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरची गृहिणी असते. वसाहत पसंत करताना मात्र बागेचा हौशी आणि गाडी चालविणारा यजमानच निर्णय घेतो! म्हणून घर पाहताना तिलाच विचारावे, “उद्या तू एकटी असलीस तर येथे राहशील का? कोणाच्या घरी जाशील? तुझ्या हाकेला कोण येईल?” या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर उपनगर खुशाल पत्करावे, तेथील मोकळी हवा व स्वतःचे अंगण सुख देईल. ती न मिळाल्यास जुन्या वस्तीजवळ दोन खोल्या भाड्याने घेणेही कमीपणाचे नाही.

आपल्यासारख्या संस्थांनाही यात करण्यासारखे काम आहे. सभासद कोणकोणत्या वसाहतींत गेले त्यांची यादी ठेवणे, एका भागातील कुटुंबांची गाठ घालून देणे, आणि एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे आठवड्यातून एकदा कोणी जाईल अशी पाळी लावणे, यास मोठा निधी लागत नाही. आपल्या आधीच्या पिढीने परक्या शहरात येऊन शेजार उभा केला, तो अशाच लहान लहान कामांतून. तो शेजार आता शहराच्या चारी बाजूंना नेऊन पोचविणे आपल्या हाती आहे.