कोळसेवाल्याची कादंबरी

आयर्लंड समजून घ्यायचे तर काय वाचावे, असे कुणी विचारले की जॉइस, येट्स ही नावे हटकून निघतात. मी मात्र शंभरएक पानांची एक कादंबरी सुचवतो : क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१).

साल १९८५, नाताळ तोंडावर. न्यू रॉस गावातला बिल फर्लाँग कोळशाचा व्यापारी, पाच मुलींचा बाप. कॉन्व्हेंट हे त्याचे चांगले गिऱ्हाईक. तिथल्याच कोळशाच्या कोठारात त्याला कोंडलेली एक मुलगी सापडते. गावातली शहाणी माणसे सांगतात, गप्प राहा. तुझ्या मुलींची शाळाही त्याच नन्सची आहे.

बँकेत उभी हयात गेल्याने हा पेच मला ओळखीचा वाटला. बड्या खातेदारापुढे भल्याभल्यांची जीभ अडखळते.

कादंबरी काल्पनिक, पण 'मॅग्डलीन लॉन्ड्री' खऱ्या. १९२२ नंतर किमान दहा हजार स्त्रिया या धुलाईघरांत गेल्या, बिनपगारी राबल्या. शेवटचे १९९६ साली डब्लिनमध्ये बंद झाले. पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली ती २०१३ साली.

२०२४ मध्ये यावर चित्रपटही आला. आधी पुस्तक वाचा, एका दुपारी संपते. मग फर्लाँगच्या जागी आपण काय केले असते, हे घरच्यांना विचारून पाहा.