स्पोर्ट्स कार स्वस्त झाली म्हणजे नेमके काय झाले?

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी विक्रमगडकडून जव्हारला चढणाऱ्या गाड्यांत हल्ली एखादी जमिनीला टेकलेली, घाट दणाणून सोडणारी स्पोर्ट्स कारही दिसते. दाभोसाच्या धबधब्याला निघालेली मंडळी असतात. स्पीडब्रेकर आला की ती गाडी तिरकी होऊन एकेक चाक वर चढवते, आणि मागची प्रवासी जीप हॉर्न वाजवत थांबते. नाक्यावरच्या पोरांच्या मोबाइलवर मग मुंबईच्या डीलरांचे व्हिडिओ फिरू लागतात: नवी असताना कोटीची, आता चाळीस-पन्नास लाखांत, फक्त पंधरा हजार किलोमीटर चाललेली. जव्हार-मोखाड्यात ती गाडी कोणी घेणार नाही, हे पोरांनाही ठाऊक असते. पण तिचा भाव का पडला, याबद्दल जी मते ऐकू येतात तीच पुढे एखादी जुनी बोलेरो किंवा पिकअप घेताना कामाला लावली जातात. म्हणून ती तपासून पाहायला हवीत.

गैरसमज : अर्ध्या किमतीत मिळाली, म्हणजे अर्धे पैसे वाचले

गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. कोटीची गाडी पन्नास लाखांना मिळाली तरी तिचे टायर, ब्रेक, क्लच, हेडलाइट हे सगळे कोटीच्याच गाडीचे असतात. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स किंवा सिरॅमिकच्या ब्रेक डिस्क बदलायची वेळ आली, की पहिल्या मालकाने गाडी का विकली याचा उलगडा होतो. वॉरंटीची मुदत संपत येते आणि मोठ्या कामाचे दिवस जवळ येतात, नेमक्या त्याच सुमाराला अशा बऱ्याच गाड्या बाजारात उतरतात. पुढच्या गिऱ्हाइकाला हे माहीत असते आणि तो येणारा खर्च आधीच भावातून कापून घेतो. ही घट म्हणजे सवलत नव्हे, पुढे भरायच्या बिलांची आगाऊ वजावट आहे.

बोलेरोशी तुलना केली की हे पटकन कळते. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना घसाऱ्याचे एक कोष्टक वापरतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. कोष्टकाच्या लेखी बोलेरो आणि स्पोर्ट्स कार दोन्ही सारख्याच. बाजार मात्र तसे मानत नाही. पाच वर्षांची, बरी ठेवलेली बोलेरो आमच्या भागात कोष्टकापेक्षा जास्त भावाने जाते आणि तेवढ्याच वयाची स्पोर्ट्स कार मुंबईतही गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहते.

बोलेरो २००० साली बाजारात आली, ती नाशिकला बनते. जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर करत निघालो, की नाशिकमध्ये शिरताना जे सातपूर लागते तिथे महिंद्राचा कारखाना आहे. जवळ कारखाना असल्याने गाडी आपोआप टिकाऊ होत नाही, हे खरे. पण तिचे पाटे, क्लचप्लेट, फिल्टर तालुक्याच्या गावात मिळतात, आणि ती उघडून पुन्हा जोडणारा मिस्तरी दर दहा-पंधरा किलोमीटरवर सापडतो. गाडीखाली १८० मिलीमीटरची मोकळी जागा असते. बहुतेक स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली ११० ते १३० मिलीमीटरच असतात; सूर्यमाळच्या बाजूला एखाद्या दगडावर चेंबर फुटला, तर ती टोइंग व्हॅनवर चढवून थेट मुंबई किंवा नाशिक गाठावे लागते. जुन्या गाडीचा भाव तिच्या वेगावर किंवा मूळ किमतीवर ठरत नाही. ती बंद पडली तर कुठे, किती दिवसांत आणि कितीत सुरू होईल, यावर ठरतो. बाकीची कारणे त्यानंतर येतात.

गैरसमज : भाव कोसळला, म्हणजे गाडीत खोट

कधी असतेही. पण पुष्कळदा भाव पडायचे कारण गाडीच्या बाहेर असते. कोरोनाच्या काळात चिप मिळेनात, नव्या गाड्यांसाठी महिनोन्महिने थांबावे लागे; जुन्यांचे भाव तेव्हा चढले. कारखाने पूर्ववत झाले तसे ते उतरले. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. मोठ्या गाड्यांवर पूर्वी कर आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत बोजा होता, तो सरसकट ४० झाला. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. नवी गाडी एका रात्रीत स्वस्त झाली, की तिची जुनी बहीण आदल्या दिवशीच्या भावाला कोण घेणार? यातून बोलेरोही सुटली नाही. नवीच्या किमतीत लाखाहून अधिक फरक पडला, तेव्हा जुनी विकायला काढलेल्यांना भाव खाली आणावा लागला.

परदेशातून तयार येणाऱ्या गाड्यांवर आणखी एक सावट आहे. त्यांच्यावरचे आयात शुल्क ११० टक्क्यांपर्यंत जाते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांसाठी ते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचे ठरले. उद्या नवी स्वस्त मिळणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी आजचे गिऱ्हाईक हात आखडता घेते.

आणि रस्त्यावरचा कर. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर, आयात केलेल्या गाडीला २० टक्के. त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. हे पैसे पहिला मालक सरकारला देतो, पुढचा त्याला ते भरून देत नाही. शोरूममधून बाहेर पडताच लाखो रुपये उडाले असे म्हणतात, त्यातला मोठा वाटा इथे गेलेला असतो.

गैरसमज : दुर्मीळ गाडी म्हणजे सोने

काही गाड्यांचे भाव चढतात, हे नाकारता येत नाही. १९५५ ची एक मर्सिडीज ३०० एसएलआर २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना गेली. पण तशा गाड्या बनल्याच दोन. सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेनाही याच जातीची. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. तिच्या एक कोटी तेरा लाखांच्या आयात शुल्कावरून देशभर वाद झाला आणि शेवटी ते फियाटने भरले. २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यापाऱ्याने ती विकत घेतली. त्या गाडीला जी किंमत होती ती सचिनच्या नावाची. शेजारी उभ्या असलेल्या तसल्याच दुसऱ्या लाल फेरारीला ती लागू होत नाही.

दुर्मीळ असूनही भाव न टिकल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डीसी अवंती ही पुण्याकडे बनलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. जानेवारी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत तिचा गाजावाजा झाला. दोन लिटरचे रेनोचे इंजिन, अडीचशे हॉर्सपॉवर, किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. गाड्या थोड्याच बनल्या, म्हणजे दुर्मीळपणा पुरेपूर. पण कंपनी मागे उभी नसेल तर काच फुटल्यावर ती आणायची कुठून? डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जे उचलल्याचा आणि नोंदणीत गोलमाल केल्याचा आरोप होता. त्यानंतर अवंती विकायला काढणाऱ्याला इंजिन दाखवण्याआधी कागद दाखवावे लागू लागले.

रांजणगावला बनलेल्या फियाटच्या अबार्थ पुंटोचे नशीब थोडे वेगळे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती दहा लाखांच्या आत आली, १४५ हॉर्सपॉवर घेऊन. त्या किमतीत तेवढी ताकद दुसरीकडे नव्हती. फियाटने इथला गाड्यांचा धंदा गुंडाळल्यावर सामान्य गिऱ्हाईक पळाले, हौशी तेवढे राहिले. ते आजही एकमेकांकडून सुटे भाग मिळवून गाड्या चालू ठेवतात. अशा गाडीला बाजारभाव नसतो. समोर कोण उभा आहे, यावर सौदा ठरतो.

गैरसमज : कमी चाललेली गाडी उत्तम

जीपच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे. स्पोर्ट्स कार वर्षभर झाकून उभी राहिली तर रबरी सील सुकतात, बॅटरी मरते, टायर कडक होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर ओल्या घाटात भरवशाचा नाही. मीटर मागे फिरवणारेही आहेत. त्यामुळे मीटरपेक्षा सर्व्हिसची नोंद बघावी.

गैरसमज : पंधरा वर्षे झाली की भंगार

दिल्लीची बातमी ऐकून हे पसरले. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, नंतर त्यात बदलही झाले. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनी सक्तीने मोडीत निघतात त्या सरकारी गाड्या. मात्र वीस वर्षांवरच्या गाडीचे नूतनीकरण ऑगस्ट २०२५ च्या नियमांनी महाग झाले : साध्या मोटारीला १० हजार, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार रुपये. जुनी परदेशी स्पोर्ट्स कार पडत्या भावात घेणाऱ्याने हा आकडा आधी धरावा.

गैरसमज : जुनी गाडी विकली की १८ टक्के जीएसटी

डिसेंबर २०२४ मध्ये ही अफवा जव्हारच्या गॅरेजपर्यंत पोचली होती. तुम्ही तुमची गाडी शेजाऱ्याला विकलीत तर जीएसटी शून्य. नोंदणीकृत डीलरला तो लागतो, तोही फक्त नफ्यावर. साठ लाखांना घेतलेली गाडी त्याने पासष्टला विकली, तर पाच लाखांवर ९० हजार.

गैरसमज : सही केली, पैसे मिळाले, विषय संपला

आमच्याकडे सर्वांत महागात पडतो तो हा. एका बाजूला गुजरात, शेजारी दादरा-नगर हवेली. सिल्वासा पासिंगची, वापी पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात आणि तशीच फिरवतात. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे राहणार असेल, तर ना-हरकत दाखला आणून नवीन नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा कर किमतीत धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची नावबदली १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, राज्याबाहेर ४५. नमुना २९ आणि ३० नुसते सह्या करून एजंटाकडे टाकले, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. गाडी अनेक हात फिरल्यानंतर अपघात झाला, तरी भरपाई ज्याचे नाव नोंदीत आहे त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. विम्याचेही तसेच : पॉलिसी नावावर करून घ्या, आणि क्लेम न केल्याची सवलत जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही, हे लक्षात ठेवा.

घेणाऱ्याने आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते वाहन पोर्टलवर पाहावे, चासीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडावा. आणि गाडी तीन लाखांची पिकअप असो की पन्नास लाखांची स्पोर्ट्स कार, नावबदलीचा अर्ज दाखल झाल्याची पावती हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.