चार दिवस जुन्यांचे, चार दिवस नव्यांचे

मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नासाठी यवतमाळकडे गेले होते. हळद आटोपली आणि आम्ही बायका मांडवात चहा घेत बसलो. तेवढ्यात चाळिशीची एक बाई शेजारी येऊन बसली. ऊन किती आहे, गाडीत जागा मिळाली का, असं थोडं इकडचं तिकडचं झालं. मग ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला ओळखते. माझ्या 'पानी'वर तुम्ही लिहिलं होतं."

मला काही केल्या आठवेना. तिला मात्र माझा शब्द न् शब्द पाठ होता.

झालं होतं असं. इंटरनेटवर मराठीतून लिहिण्याची जी ठिकाणं आहेत, त्यांतल्या एकावर २०१२ साली तिने आयुष्यातला पहिला लेख टाकला. विषय होता तिची आई. उन्हाळ्यात दोन कोसांवरून डोक्यावर हंडे आणणारी. लेखाखाली 'क्रमशः' लिहिलं होतं, कारण आईकडून अजून पुष्कळ ऐकायचं बाकी होतं. लेखात आई म्हणते, "पानी सरलं व बाई, आता उद्या पाहू." मी त्या ठिकाणची जुनी, जाणती वगैरे. मी खाली लिहिलं, "'पानी' नव्हे, 'पाणी'. लिहायला बसण्याआधी शुद्धलेखनाचं पुस्तक चाळावं ही नम्र विनंती. पुलेशु." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, 'पुलेशु' म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा'.

माझं पाहून इतरांनाही हुरूप आला. कुणी हसरे चेहरे टाकले, कुणी 'पानी'वरून कोट्या केल्या. लेखातल्या आईबद्दल कुणीच काही बोललं नाही. तिने लेख काढून टाकायची विनंती केली आणि पुन्हा तिकडे पाऊल ठेवलं नाही.

"दुसरा भाग लिहिला का मग?" मी विचारलं.

"नाही ना. आई २०१५ला गेली. तिला विचारून विचारून लिहिणार होते. ते राहूनच गेलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. चहा गार झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, कारण असं की कधीकाळी मीही नवीच होते.

घरच्या घरी मराठी लेखिका

'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली गणेश चतुर्थीला सुरू झालं. २००४ साली 'मनोगत' आलं, २००७ साली 'उपक्रम' आणि 'मिसळपाव'. आधी परदेशात गेलेले मराठी लोक तिथे गप्पा मारायचे. मग आपल्याकडे गावोगावी नेट पोचलं, तशा आपल्यासारख्या बायकाही तिथे जाऊ लागल्या. मासिकाकडे लेख पाठवायचा, महिनोन् महिने पोस्टमनची वाट बघायची आणि शेवटी 'साभार परत' घ्यायचं, हे सगळं टळलं. स्वयंपाक उरकून, मुलं झोपली की लिहायचं आणि सकाळी उठून बघायचं तर कुणी अमेरिकेतून, कुणी अकोल्यातून 'छान लिहिलंय' म्हटलेलं. त्याचं अप्रूप काय सांगावं! मायबोलीवर 'संयुक्ता' आणि मिसळपाववर 'अनाहिता' अशा खास बायकांच्या बैठकीही निघाल्या.

मी २००६ साली अशाच एका ठिकाणी पहिला लेख टाकला. मराठी टाइप करणं म्हणजे तेव्हा दिव्यच होतं. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटवायची. माझ्या लेखात सगळीकडे 'न'च 'न'. जानीव, कारन, आठवन! वाचणाऱ्यांना वाटलं असेल, या बाईला काही येत नाही. मला ण लिहिता येत होता हो, तो त्या कळफलकावर कुठे दडलाय तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला एक 'व्यनि', म्हणजे व्यक्तिगत निरोप आला. तिथल्या एका जुन्या सभासद बाईंचा. त्यांनी लिहिलं होतं की लेखातला आजीचा प्रसंग वाचून त्यांना स्वतःच्या आजीची आठवण आली. खाली एकच ओळ होती, "शिफ्ट दाबून एन दाबलंत की ण येतो, आणि शिफ्ट दाबून एल दाबलंत की ळ." चारचौघांत एक अक्षर बोलल्या नाहीत. मी गुपचूप सगळे ण नीट केले आणि त्यानंतर आजतागायत लिहिते आहे. त्या बाईंना मी कधी भेटले नाही. पण त्या ओळीने माझी लेखणी वाचवली.

आणि सहा वर्षांनी, मी जुनी झाल्यावर, काय केलं? अगदी उलट. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू झाली की कशी वागते, ते आपण घराघरांत बघतो. माझं तर त्याहून वाईट. मला कुणी जाच केलाच नव्हता!

हे भांडण आजचं नाही

नव्या-जुन्यांचं हे नातं मराठी साहित्यात जुनंच आहे. १९२३ साली पुण्यात 'रविकिरण मंडळ' जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी चहाला एकत्र यायची आणि एकमेकांच्या कविता ऐकायची. त्यात मनोरमाबाई रानडे ही एकच स्त्री होती. चहाच्या टेबलावर सगळे सारखे, म्हणून ते जमलं असावं.

पुढे 'सत्यकथा' मासिकाचा दबदबा झाला. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांच्या कथांवर किती बारकाईने काम करत, याच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. काय जमलंय, कुठे अडतंय, पुन्हा कसं लिहून बघता येईल, हे ते कळवायचे. ज्यांना तसं मार्गदर्शन मिळालं ते आयुष्यभर ऋणी राहिले. पण याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली मुंबईत तरुण लेखकांनी जाळला. आमची भाषा, आमचं जगणं यांना तुमच्या दारात जागा नाही, असा त्यांचा राग होता. एकच घर. आत गेलेल्यांना ते माहेर वाटलं आणि बाहेर राहिलेल्यांना बंद दार. जुन्या मंडळींनी हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

आणि भाषेचंच म्हणाल तर आपल्या बहिणाबाई! खानदेशातल्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या रचायच्या, तेही घरच्या लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी त्या उतरवून घेतल्या म्हणून त्या टिकल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. विचार करा, त्या ओव्या पहिल्यांदा वाचणाऱ्याने लाल पेन घेऊन 'आधी शुद्ध लिहायला शिका' असा शेरा मारला असता तर? आपण किती गमावलं असतं!

शुद्धलेखनाचे नियम मला मान्यच आहेत. साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत, ते शिकावेत, शिकवावेत. पण त्या नियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणजे यवतमाळच्या त्या लेकीचं 'पानी' बरोबरच होतं. चूक माझी होती. तिची आई तसंच बोलायची, आणि पुस्तकातल्यासारखी बोलली असती तर ती तिची आई राहिली नसती. मी लेख नीट वाचलाच नव्हता. चूक शोधायला बसले होते, ती दिसली आणि थांबले.

जुन्या मैत्रिणींनो, एवढं करू या

आता लिहिण्याची ठिकाणं बदलली. फेसबुक आलं, प्रतिलिपी आली, व्हॉट्सॲपवर तर गावोगावचे लेखनगट आहेत. पण माणसं तीच. म्हणून अनुभवातून आलेलं सांगते.

पहिली गोष्ट, लेख पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नये. 'छान' लिहायलाही नाही आणि 'टुकार' लिहायलाही नाही.

चूक सांगायची तर एकटीला सांगावी, कौतुक करायचं तर चारचौघांत. पाहुण्यांसमोर सुनेच्या भाजीतलं मीठ काढू नये, तसंच हे. चूक दाखवली की ती कशी दुरुस्त करायची तेही सांगावं. नुसतं 'जमलं नाही' म्हणण्याचा काय उपयोग?

आपला कंपू करू नये. आपल्या जुन्या गमती, टोपणनावं आणि 'पुलेशु'सारखे आखूड शब्द नव्या माणसाला कळत नाहीत. लग्नघरात सगळे एकमेकांशी हसत असावेत आणि आपल्याला कुणी 'बसा' म्हणू नये, तसं तिला वाटतं. एखादीने विचारलं तर अर्थ सांगावा.

आणि कुणाची टिंगल चालू झालेली दिसली, तर जुनीने पहिल्यांदा थांबवावं. नवी थांबवू शकत नाही. आपण थांबवलं तर सगळे ऐकतात.

नव्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही

टाळी एका हाताने वाजत नाही. नव्याने येणाऱ्यांच्याही काही गोष्टी खटकतात.

आल्या आल्या लिहू नका. पंधरा दिवस नुसतं वाचा. जुने लोक याला 'वाचनमात्र' असणं म्हणतात. तिथली रीत कळते, कोण काय लिहितं ते कळतं. नव्या घरी गेल्यावर आपण आधी डबे कुठे आहेत ते बघतोच की!

एका दिवशी पाच-पाच कविता टाकू नका. वाचणाऱ्यांना दमू द्या, म्हणजे पुढच्या कवितेची वाट बघतील. स्वतःचं टाकलंत तर दुसऱ्या दोघींचं वाचा आणि मनापासून दोन ओळी लिहा. 'मी तुमचं वाचलं, आता तुम्ही माझं वाचा' असा हिशेब मात्र नको. ती काही भिशी नाही.

दुसरीचं लिखाण आवडलं तर तिच्या नावासकट पुढे पाठवा. नाव गाळून 'आलेला निरोप' म्हणून पाठवणं ही सरळ चोरी आहे. शेजारणीची पैठणी नेसून आपली म्हणून मिरवण्यासारखं.

कुणी चूक दाखवली की लगेच 'मला इथे त्रास देतात' म्हणून रडू नका. एक रात्र जाऊ द्या, सकाळी परत वाचा. बहुतेक वेळा त्यात कामाचं काहीतरी सापडतं. नाही सापडलं तर 'धन्यवाद' म्हणा आणि आपलं लिहा. माझ्यासारखी एखादी शहाणी भेटली म्हणून लिहिणं सोडू नका, हात जोडून सांगते.

आणि एक गोष्ट, जरा स्पष्टच. 'तुमच्यात गुण आहेत, फोन नंबर द्या, मी मार्गदर्शन करतो' असे निरोप नव्या बायकांना फार येतात. जुने, नावाजलेले असले तरी भुलू नका. खरं मार्गदर्शन लेखाखाली सगळ्यांसमोर करता येतं. रात्री-अपरात्री निरोप आले, तर ते पुसून न टाकता जपून ठेवा आणि तिथल्या चालक मंडळींना कळवा. घरातल्या विश्वासाच्या माणसालाही सांगा. यात तुमची काही चूक नसते. आणि जुन्या मैत्रिणींनो, एखादीने असं सांगितलं तर 'तुम्हीच काही बोलला असाल' असं म्हणू नका. तिच्या बाजूने उभ्या राहा.

लग्नाहून परत आल्यावर मी तिला फोन केला आणि सरळ माफी मागितली. तो जुना लेख आता कुठेच नाही, तिच्याकडेही नाही. म्हणाले, "पुन्हा लिही. आई नसली तरी तुला आठवतंय तेवढं लिही. मावशी असेल, शेजारच्या म्हाताऱ्या असतील, त्यांना विचार."

ती "बघते" म्हणाली. असं 'बघते' म्हणणाऱ्या बाया पुढे काही करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी आशा सोडली.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. तिने वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले होते, हाताने लिहिलेल्या. पहाटे उठून हंडे घासण्यापासून सुरुवात होती. मावशीला विचारून विहिरीचं नावही शोधून काढलं होतं. मी दोनदा वाचलं. या वेळी नीट वाचलं.

खाली तिने विचारलं होतं, "ताई, पानी ठेवू की पाणी करू?"

मी लगेच कळवलं, "पानीच ठेव. आणि दुसरा भाग कधी?"