मेसेज गेला कुठे?

गेल्या वर्षी मंडळाच्या काव्यवाचनाला एक मुलगी दुपारी तीन वाजता आली. हॉल रिकामा होता. शिपाईमामा खुर्च्या आवरत होते. कार्यक्रम सकाळी अकरालाच झाला होता, आणि वेळ बदलल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी मंडळाच्या ॲपवर सर्वांना गेला होता. मुलगी पहिल्या वर्षाची, कविताही पहिलीच. जांबोटीच्या पलीकडून बसने आलेली. "दादा, मला मेसेज आलाच नाही हो," एवढंच म्हणाली.

ते ॲप मी लिहिलं होतं. सर्व्हरच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'पाठवला' असं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती आणि सर्व्हरही खोटं बोलत नव्हता. मग मेसेज गेला कुठे?

हे समजायला प्रोटोकॉल म्हणजे काय ते आधी पाहू. दोन यंत्रांनी आपसात बोलायची ठरवलेली रीत म्हणजे प्रोटोकॉल. आधी कोणी बोलायचं, बोलणं संपलं हे कसं कळवायचं, ऐकू आलं नाही तर काय करायचं, हे सगळं त्यात येतं. चॅटसाठी अशा रीती बऱ्याच आहेत, आणि मी चुका करत करत त्यांतल्या काहींशी ओळख करून घेतली.

पहिली आवृत्ती साध्या एचटीटीपीवर होती. वेबपान मागवायची ती हीच रीत. फोन विचारणार, सर्व्हर उत्तर देणार. अडचण अशी की सर्व्हर आपणहून बोलू शकत नाही. म्हणून माझं ॲप दर पाच सेकंदांनी विचारायचं, 'काही नवीन?' तासाला ७२० वेळा, आणि उत्तर बहुतेक वेळा 'नाही'. बॅटरी का उतरते ते मला उशिरा कळलं. मोबाईलचा रेडिओ एकदा जागा झाला की काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. पाच सेकंदांनी पुन्हा हाक मारली तर त्या बिचाऱ्याला झोप मिळणार कधी?

मग वेबसॉकेट घेतलं. २०११ साली प्रमाणित झालेली ही रीत सुरुवात एचटीटीपीनेच करते, आणि नंतर तीच जोडणी दोन्हीकडून बोलायला उघडी ठेवते. एमक्यूटीटीचाही विचार केला होता. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला १९९९ मध्ये ती तयार झाली, त्यामुळे फार काटकसरी. तिचा सर्वांत लहान निरोप दोन बाइटांचा असतो. फेसबुक मेसेंजरनेही ती वापरली होती. पण ती नेहमी ज्या पोर्टवरून चालते ते आमच्याकडच्या वायफायवर बंद होतं. वेबसॉकेट ४४३ वरून, म्हणजे सुरक्षित वेबपानांच्याच दारातून जातं. निवड तिथेच झाली, तत्त्वज्ञान काही नव्हतं! एक्सएमपीपी ही जुनी, अनुभवी रीत आहे, पण तिच्या एक्सएमएल खुणांचा पसारा मला आवडला नाही.

पसाऱ्यावरून आठवलं. आपलं देवनागरी अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'नमस्कार' हलन्त आणि काना धरून सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. मी पायथनमध्ये जेसन बनवत होतो, आणि तिथे वेगळं सांगितलं नाही तर प्रत्येक चिन्हाचं सहा रोमन अक्षरांत रूपांतर होतं. २१ चे थेट ४२! एका शब्दाची सूचना दिली आणि निम्मा भार उतरला.

आता त्या मेसेजकडे. वेबसॉकेट टीसीपीवर चालतं, आणि 'टीसीपी म्हणजे पोहोचण्याची हमी' असं मी परीक्षेत लिहून आलो होतो. प्रत्यक्षात माझ्या सर्व्हरने मेसेज टीसीपीच्या हाती दिला आणि लगेच 'पाठवला' लिहिलं. हे म्हणजे पत्र पेटीत टाकून पोचपावती फाडण्यासारखं झालं. त्या वेळी ती मुलगी रेंजबाहेर होती. रेंज जाताना फोन 'येतो हं' म्हणत नाही, त्यामुळे सर्व्हरला जोडणी जिवंतच वाटते. लिनक्स अशा वेळी साधारण पंधरा मिनिटं पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो. तेवढ्यात तिचा फोन रेंजमध्ये आला, पण नव्या पत्त्यावर, नवी जोडणी घेऊन. मेसेज जुन्या जोडणीत अडकून पडला आणि तिच्याबरोबरच संपला. क्विक नावाची २०२१ मध्ये प्रमाणित झालेली रीत पत्ता बदलला तरी जोडणी ओळखते. पण बराच वेळ रेंज नसेल तर तीही तुटणारच.

म्हणून पोच माझ्याच ॲपने द्यायला हवी होती. आता प्रत्येक मेसेजला पाठवणाऱ्याचा फोनच एक ओळखक्रमांक देतो. सर्व्हर तो जपून ठेवतो आणि मगच 'मिळाला' म्हणतो. ती पोच वाटेत हरवली तर फोन तोच मेसेज परत पाठवतो, सर्व्हर क्रमांक ओळखतो आणि दुसरी प्रत टाकून देतो. उलट दिशेला, फोन जोडला गेला की आधी सांगतो, 'माझ्याकडे ४१२ पर्यंत आलेत,' आणि सर्व्हर ४१३ पासून पुढचे देतो. मेसेज फोनच्या साठ्यात लिहिला गेल्याशिवाय दुसरी टिक उमटत नाही.

एक गाठ मात्र सुटत नाही. ॲप मागे गेलं की अँड्रॉइड आणि आयफोन त्याची जोडणी फार काळ टिकू देत नाहीत. मग गूगलच्या किंवा ॲपलच्या सूचनासेवेलाच शरण जावं लागतं. मी तिच्यातून मजकूर पाठवत नाही, फक्त 'काहीतरी आलंय, उठ' एवढंच सांगतो. आणि ती सूचना वेळेवर जाईलच यावर विसंबत नाही.

यंदाच्या काव्यवाचनाची वेळ ॲपवर टाकली तेव्हा रात्री नऊपर्यंत एकेचाळीसपैकी तीन नावांपुढे दुसरी टिक आली नव्हती. आमच्या सचिवताईंनी त्या तिघांना फोन केला.