राजकारण खरंच रक्तात असतं का?

निवडणूक आली की मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याच्या तर रक्तातच राजकारण आहे." लगेच दुसरं, "आपल्या खानदानात कुणी नव्हतं, आपल्याला काय करायचं?" पहिलं वाक्य थोडंफार खरं आहे. दुसऱ्याने मात्र घरातल्या मुलामुलींचं नुकसान होतं, म्हणून आम्ही हे लिहायला घेतलं.

2008 मध्ये जेम्स फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या जुळ्यांच्या मतदानाच्या नोंदी तपासल्या. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचे जीन्स जवळपास सारखेच असतात, बाकीच्या जुळ्यांचे सख्ख्या भावंडांइतकेच जुळतात. घर मात्र दोघांचं एकच. मतदान करण्या-न करण्यात हुबेहूब जुळी एकमेकांसारखी जास्त वागली. त्यावरून माणसामाणसातल्या या फरकापैकी 53 टक्के फरक आनुवंशिक, असा अंदाज निघाला. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. हुबेहूब जुळ्यांना लोक वागवतातही सारखंच ना!

खरी गफलत पुढेच होते. 53 टक्के म्हणजे तुमचं निम्मं मत जीन्स ठरवतात, असं नव्हे. आपल्याकडचं धान घ्या. एकाच पोत्यातलं मिसळ बियाणं दोन बांध्यांत टाकलं. एकीला मामा तलावाचं पाणी, दुसरी कोरडी. एका बांधीतली रोपं उंच-बुटकी निघाली तर कारण बियाणं. पण दोन बांध्यांमधला फरक पाण्याचा.

नेतेगिरीचा असा एखादा जीन नाही. मिजाज मात्र थोडा वारशाने येतो. बोलकी माणसं सभेत, प्रचारात जास्त दिसतात, हे अभ्यासांतूनही पुढे आलंय. आता पाणी बघा. 19 एप्रिल 2024 ला नागपूर आणि गडचिरोली-चिमूर, दोन्हीकडे लोकसभेचं मतदान झालं. नागपुरात सुमारे 54 टक्के, गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72. तेही नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी 3 लाच संपत असताना. नागपूरकरांचे जीन्स आळशी आहेत, असं कुणी म्हणेल का?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर जवळच आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. म्हणजे बोलक्याचं भाषण झालं की विषय संपला, असं होत नाही. गप्प बसलेल्या बाईचीही संमती लागते. याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. तिथे कुणाचं खानदान विचारलं गेलं नाही.

वर्गात कधी हात वर न करणाऱ्या मुली आम्ही रोज पाहतो. लेखी विचारलं की त्याच मोहल्ल्यातला नळ, गटार, बंद पडलेला दिवा सगळं नेमकं मांडतात. महाराष्ट्रात पंचायत आणि पालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. वॉर्ड महिलेसाठी सुटला की घरात नाव निघतं ते नेत्याच्या बायकोचं, या मुलींचं नाही.