थकलेले हृदय आणि अबोल डॉक्टर

घरात कोणाला कॅन्सर झाल्याचे कळले की त्या दिवशी कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. फोनाफोनी होते, गावाहून भाऊ-बहिणी धावून येतात. पण डॉक्टरांनी ‘हार्टचं पम्पिंग जरा कमी झालंय, गोळ्या बदलून देतो’ असे सांगितले, तर त्याच घरात संध्याकाळी नेहमीसारखा कुकर लागतो. पम्पिंग कमी होणे म्हणजे गुडघेदुखीसारखे वयोमानाने व्हायचेच, अशी आपली समजूत.

ही समजूत किती चुकीची आहे, ते स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘कॅन्सरहून घातक?’ असा प्रश्न होता. १९९१ मध्ये या विकारासाठी पहिल्यांदा रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर साधारण चौथा हिस्साच हयात होता. त्यांनी तुलनेला घेतलेल्या नेहमीच्या कॅन्सरांत एकट्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे आकडे याहून वाईट निघाले. त्यानंतर औषधे खूपच सुधारली, हे खरे. तरीही केरळात तिरुवनंतपुरम परिसरातल्या रुग्णालयांत २०१३ मध्ये नोंदवलेल्या सुमारे बाराशे रुग्णांपैकी जवळजवळ ५९ टक्के पुढच्या पाच वर्षांत दगावले.

थोडा दोष भाषेचाही आहे. ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे वाक्य आपण निधनवार्तांमध्ये इतक्यांदा वाचतो, की ‘हार्ट फेल’ म्हणजे क्षणात खेळ खलास, असेच वाटते. दीर्घकालीन हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडलेले नसते. ते चालते, पण पुरे पडत नाही. पायांवर सूज येते, उशाखाली एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा होतात. रात्री दोन वाजता माणूस दम लागून उठतो आणि खिडकीशी बसून राहतो. हे वर्षानुवर्षे चालते.

अशा माणसाला औषधांबरोबरच आणखी काही हवे असते. दम आणि थकवा सुसह्य व्हावा, मनातली भीती कोणीतरी ऐकून घ्यावी, सेवा करणाऱ्या पत्नीलाही आधार मिळावा. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि ही शाखा आधुनिक रूपात उभी राहिली. मात्र तिची वाढ मुख्यतः कॅन्सरच्या अवतीभवती झाली. वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले ‘शांती अवेदना सदन’ हे भारतातले पहिले हॉस्पिस. तेही कॅन्सरच्या रुग्णांसाठीच. थकलेल्या हृदयाच्या माणसाला या दारापर्यंत कोणी नेतच नाही.

का नेत नाही? वायव्य इंग्लंडमधल्या ३४ डॉक्टरांना एकत्र बसवून हेच विचारले गेले. २००२ साली ती चर्चा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत फॅमिली डॉक्टर होते, हृदयरोगतज्ज्ञ होते, वृद्धांचे डॉक्टर होते, खुद्द पॅलिएटिव्ह केअरचेही होते. आरोग्यव्यवस्थेची मांडणीच अडचणीची आहे, आजाराचा भरवसा नाही आणि हे काम नेमके कोणाचे ते ठरलेले नाही, असे अडथळे त्यांतून पुढे आले.

यातला भरवशाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅन्सरची वाट शेवटी बहुधा उतरणीला लागते आणि ती उतरण डोळ्यांना दिसते. हृदयाची वाट घाटासारखी. आजोबांना धापा टाकत, निळ्या ओठांनी दाखल करावे, लघवी होण्याचे इंजेक्शन द्यावे, आणि पाचव्या दिवशी त्यांनी चालत घरी जावे! हा चमत्कार सहा वेळा पाहिलेल्या डॉक्टरने सातव्या वेळी ‘आता बोलायला हवे’ असे कशावरून ठरवावे? डॉक्टर निष्ठुर असतात म्हणून गप्प बसतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते खात्रीच्या दिवसाची वाट पाहत असतात. पण या आजारात तसा दिवस सहसा उगवत नाही आणि बोलायचे राहून जाते.

त्याचे परिणाम रुग्ण भोगतो. एडिंबरात २० फुफ्फुसाच्या कॅन्सरचे आणि २० हृदयाचे रुग्ण यांच्याशी संशोधक वेळोवेळी बोलले. हा अभ्यासही २००२ चाच. कॅन्सरच्या रुग्णांना आपण कोठे उभे आहोत याची बरीच कल्पना होती. हृदयाच्या रुग्णांना माहिती कमी, मदत कमी; गोळ्यांचा मेळ घालण्यात आणि एकेक गोष्ट सुटत जाण्यात त्यांचे दिवस चालले होते.

छातीत बसवलेल्या शॉक देणाऱ्या यंत्राचेच घ्या. एरवी जीव वाचवणारे हे यंत्र माणूस शेवटच्या घटका मोजत असतानाही झटके देऊ शकते. त्याचा शॉकचा भाग शस्त्रक्रियेशिवाय, बाहेरून बंद करता येतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा शंभर मृतांच्या नातेवाइकांना विचारले, तेव्हा यंत्र बंद करण्याविषयी बोलणे झाल्याचे फक्त २७ जणांनी सांगितले. आठ जणांना मृत्यूपूर्वीच्या काही मिनिटांत झटके बसले होते.

आणखी एक अडसर शब्दाचा. ‘पॅलिएटिव्ह’ म्हटले की पुष्कळ डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही ‘हात टेकले’ असे ऐकू येते. वास्तविक अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १५० रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा दिली गेली. सहा महिन्यांनी त्यांचे जगणे अधिक सुसह्य होते, उदासी आणि चिंता कमी होती. एकही औषध त्यासाठी थांबवावे लागत नाही. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तर हार्ट फेल्युअरच्या सर्वच रुग्णांसाठी तिची शिफारस आहे.

आपल्याकडे यात घरच्यांची भर पडते. केबिनच्या दाराशी मुलगा हळूच सांगतो, ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं.’ बाहेर पंचवीस पेशंट खोळंबलेले; डॉक्टरांनाही ते सोयीचेच पडते. बाबांना मात्र रात्री खिडकीशी बसल्या बसल्या बरेच काही कळलेले असते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून शेजारपाजारचे स्वयंसेवक घरोघरी जाऊ लागले आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. तेथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कॅन्सरच असला पाहिजे, अशी अट नाही.

आपल्या घरापुरते काही करायचे तर पुढच्या तपासणीला प्रश्न लिहून न्यावेत. दोन दिवसांत वजन किती वाढले तर फोन करायचा? रात्री दम लागला तर आधी काय द्यायचे? यंत्र बसवले असेल, तर ते कधी आणि कोणी बंद करायचे? पुन्हा अतिदक्षता विभागात न्यायचे की नाही, हे बाबांना कोण विचारणार? त्यांनी उत्तर दिले, तर ते कागदावर उतरवण्याची सोयही आता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली, की ते पुरते.