किती मिलिमीटर उरले?

वरची दाढ काढून चार वर्षे झाल्यावर मी इम्प्लांट बसवून घ्यायला निघालो. एकच स्कॅन पाहून दोन दंतवैद्यांनी दोन सल्ले दिले. एक म्हणाले, बाजूने खिडकी पाडू. दुसरे म्हणाले, खालूनच उचलू. दुसरा मार्ग स्वस्त होता, वेळही कमी लागणार होता. मोह झाला, पण आधी वाचायचे ठरवले.

अडचण आहे जागेची. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आत, हवेची पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. दाढ गेली की खालून हाड झिजते आणि वरून पोकळी खाली उतरते. इम्प्लांट साधारण आठ-दहा मिलिमीटर लांब असते. तेवढे हाडच उरत नाही. म्हणून पोकळीच्या तळाचे अस्तर उचलून त्याखाली हाडाचा चुरा भरतात. हे अस्तर अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखे नाजूक असते.

खिडकीची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी सुरू केली; बॉइन आणि जेम्स यांचा या शस्त्रक्रियेवरचा लेख १९८० मध्ये आला. हिरडी उलगडून हाडाच्या बाजूला खिडकी पाडतात आणि अस्तर डोळ्यांसमोर उचलतात. उंची भरपूर मिळते. मात्र सूज जास्त येते, साधारण पाचांत एकदा अस्तर फाटते आणि हाड पक्के व्हायला सहा ते नऊ महिने लागतात.

समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत इम्प्लांटसाठी पाडलेल्या छिद्रातूनच बोथट अवजार हातोडीने ठोकत तळ वर सरकवतात. जखम लहान असते, इम्प्लांटही बहुधा त्याच बैठकीत बसते. पण काम अंदाजाने चालते. अस्तर फाटले तरी दिसत नाही. उंची तीन-चार मिलिमीटरच वाढते. ठोक्यांनी आतल्या कानातले सूक्ष्म कण हलून काहींना नंतर चक्कर येते.

तेव्हा जुनी की नवी, हा प्रश्नच नव्हे. निवड ठरते ती मुख्यतः उरलेल्या हाडावर. पाच-सहा मिलिमीटर असेल तर खालून उचलणे पुरते. कधी आखूड इम्प्लांट वापरून उचलणेही टळते. चारपेक्षा कमी असेल तर इम्प्लांटला सुरुवातीची पकड मिळणे अवघड, म्हणून सहसा खिडकी.

माझे हाड तीन मिलिमीटर होते. हा आकडा स्कॅनवर होता. दोघांपैकी कोणी तो मला सांगितला नव्हता, मीही विचारला नव्हता. मी खिडकीची पद्धत निवडली. सध्या हाड भरण्याची वाट पाहत डाव्या बाजूने जेवतो आहे. यंदाची चकलीही त्याच बाजूने.